वहिनी मैदानात का बसल्या

आमच्या घरात वहिनींच्या पोलीस भरतीची गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली जाते. भावकीतले लोक म्हणतात, मैदानावरची गर्दी बघून त्या घाबरल्या आणि शेवटच्या फेरीत खाली बसल्या. वहिनी स्वतः म्हणतात, सासूनं मासळी बंद केली, अंगात त्राण राहिलं नाही, म्हणून बसले. पहिली गोष्ट साफ खोटी आहे. दुसरी अर्धी खरी आहे, आणि तिच्यातला खोटा भाग मी तयार केलेला आहे. आता माझं वय झालं आहे आणि आई जाऊनही बरीच वर्षं झाली, तेव्हा हे लिहून ठेवतो.

साल पंचाऐंशीच्या आसपासचं. माझा थोरला भाऊ मुंबईत नोकरीला होता, तो काविळीनं गेला. वहिनी लहान मुलीला घेऊन गावी आल्या. आमचं गाव रत्नागिरीकडच्या पालीपासून चालत जाण्याइतकं. घरात आई आणि मी. मी जवळच्या हायस्कुलात व्यायामशिक्षक होतो, लग्न व्हायचं होतं. रत्नागिरीला पोलिसांत बायकांची भरती आहे, ही जाहिरात मीच पेपरात वाचली आणि ओसरीवर बसून मोठ्यानं वाचून दाखवली.

वहिनी भांडी विसळत होत्या. त्यांनी विचारलं, "भावजी, विधवेला चालतं?"

"चालतं. मॅट्रिक पाहिजे, उंची पाहिजे, वजन पाहिजे. मग गोळाफेक आणि धावणं."

"मॅट्रिक आहे. उंची आहे. बाकीचं तुम्ही शिकवा."

नोकरी लागली असती तर रत्नागिरीत राहायला खोली, मुलीला तिथली शाळा आणि हातात स्वतःचा पगार. नाही लागली तर काजूचा कारखाना, जिथं गावातल्या बायका तेलानं बोटं काळी करून घ्यायच्या. एवढा सरळ हिशेब होता, आणि तो वहिनींना माझ्याआधी कळला होता.

आई आधी चिडली. "पोलिसात बायका? दंडुका कोणाच्या टाळक्यात घालणार गो तू?"

"पहिला तुमच्या मुलाच्या. मास्तर फार पळवणार आहेत म्हणे," वहिनी म्हणाल्या. आई हसली, पण देवाला विचारल्याशिवाय हो म्हणायला तयार होईना. आमच्याकडे विहीर खणायची असो की सोयरीक जमवायची, ग्रामदेवतेचा कौल घेतात. गुरवानं देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं, आणि उजवी पाकळी पडली. म्हणजे होकार. आई एवढी हरखली की तिनं तिथल्या तिथं नवस बोलला, "सुनेच्या अंगावर वर्दी चढेपर्यंत ती मासळीला हात लावायची नाय."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या ते पथ्यावरच पडलं होतं. त्याचं कारण सांगायला हवं.

व्यायामशिक्षणाचा कोर्स मी कोल्हापूरला केला. राहायला होतो तालमीच्या शेजारी. तिथले पैलवान लोट्यानं दूध प्यायचे, तूप खायचे, बदामाची थंडाई घोटायचे. कोर्सच्या पुस्तकांत काय होतं ते मी परीक्षेपुरतं वाचलं, पण ती माणसं रोज डोळ्यांसमोर होती. त्यावरून मी ठरवलं की ताकद दुधातुपात असते, भातानं पोट सुटतं आणि मासळीनं अंग जड होतं. गावी आल्यावर मी स्वतः मासे सोडले होते. शाळेत मुलांना हेच सांगायचो. आमच्या गाईचं दूध चहाला आणि वहिनींच्या मुलीला पुरून संपायचं, आणि पैलवानी खुराक विकत आणण्याइतकी कोणाचीच ऐपत नव्हती, हे मला दिसत होतं. तरी मी मत बदललं नाही.

दसऱ्यानंतर आम्ही सुरुवात केली. भरती शिमग्याच्या आधी होती. पहाटे गावावरच्या सड्यावर, कातळाच्या पठारावर जायचो. वहिनी भावाची जुनी पँट नाडीनं आवळून आणि वर त्याचाच सदरा घालून धावायच्या. पदर नाही म्हणून पहिले काही दिवस हात छातीशी धरून धावल्या, मग ते सोडून दिलं. गवत कापायला आलेली एक म्हातारी रोज हाक मारायची, "काय गो, एस्टी चुकली काय?"

"चुकली नाय. तिच्या आधी पोचायचंय."

वजन उचलायला जांभ्याचे चिरे होते. घराच्या मागं गडग्यासाठी, दगडी कुंपणासाठी आणून ठेवलेले. एक चिरा दोन्ही हातांत घेऊन बैठका, तोच डोक्यावर नेऊन खाली. गोळ्याच्या ऐवजी गोल घासून घेतलेला दगड. आधी धावायचं, घरी येऊन लगेच चिरे, आणि संध्याकाळी परत धावायचं. रविवारी दुप्पट, कारण मला सुट्टी असायची. त्यातून वहिनींचं पाणी भरणं, दळणकांडण, लाकडं चुकलेली नव्हती. ते काम मी व्यायामात धरलंच नाही.

जेवणात मी भात निम्मा केला. मासळी नवसानं गेलेली. उरली नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी आणि कपभर दूध, तेही वहिनी मुलीला द्यायच्या. मी बघायचो आणि गप्प बसायचो.

सुरुवातीला सुधारणा झाली, तशी ती कोणाचीही होते. दम वाढला, चाल मोकळी झाली. मी शाळेत सांगत सुटलो की नवशिक्या बाईलाही पद्धतशीर तयार करता येतं. मग पौषाच्या सुमारास गाडं अडलं. वहिनी चढावर थांबायला लागल्या. केस विंचरताना पुंजके निघायचे. चुलीपुढं बसल्या बसल्या डुलकी लागायची. चिरा डोक्यापर्यंत न जाता अर्ध्यातूनच खाली यायचा. मी त्याला आळस म्हणालो नाही, पण चिरेही कमी केले नाहीत. उलट संध्याकाळचं धावणं वाढवलं.

भरतीत वजनाची अट होती, म्हणून आठवडी बाजाराच्या दिवशी पालीला भाताच्या वखारीत काट्यावर त्यांना उभं केलं. वजन दसऱ्यापेक्षा बरंच उतरलं होतं, अटीच्या अगदी काठावर. काटेवाल्यानं थट्टा केली, "वैनी, बारदान वजा करू काय?"

"नको," वहिनी म्हणाल्या, "बारदानच उरलंय. माल गेला."

सगळी वखार हसली. मीही हसलो. परतताना रस्त्यात वहिनी म्हणाल्या, "भावजी, बरोबर चाललंय ना?"

"अंग हलकं झालं की पाय उचलतो."

"पाय उचलत नाही म्हणून विचारते. आईंना सांगून तेवढा नवस सोडवा. माझ्या तोंडून गेलं तर जिभेचे चोचले वाटतील. तुम्ही मास्तर, तुमचं ऐकतील."

नवस सोडवणं अवघड नव्हतं. गुरवानं गाऱ्हाणं घालायचं, नारळ द्यायचा, की बोललेलं फिरवता येतं. गावात लोक फिरवायचेही. मी हो म्हणालो.

त्या संध्याकाळी आई पडवीत सुपात कुळीथ निवडत होती. मी जाऊन उभा राहिलो. ती म्हणाली, "काय रे, काय पायजे?"

"काय नाय."

"मग उजेड सोड."

मी बाजूला झालो. एवढंच झालं. नंतर विहिरीवर वहिनींना सांगितलं, "आई नाही म्हणाली."

का सांगितलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मासळी सुरू होऊन त्या सुधारल्या असत्या, तर मी शाळेत आणि गावात जे सांगत होतो ते खोटं पडलं असतं. याहून मोठं कारण मला सापडलेलं नाही. आई नाही म्हणेल अशी भीतीसुद्धा नव्हती. ती हो म्हणेल, याचीच मला खात्री होती.

वहिनींनी घागर काठावर ठेवली. म्हणाल्या, "मुलगा माझ्याजवळ असताना गेला ना त्यांचा. मला कशाला घास देतील."

तेव्हाही मी बोलू शकलो असतो.

भरतीच्या दिवशी रत्नागिरीच्या मैदानावर वहिनी वजनात कशाबशा बसल्या. गोळा चांगला गेला, तिथं उभ्या असलेल्या एका महिला शिपायानं वा म्हटलेलं मी ऐकलं. मग धावणं. मी दोरीच्या बाहेर उभा होतो. शेवटच्या फेरीपर्यंत त्या मधल्या घोळक्यात होत्या. वळणावर वेग मंदावला, मग त्या चालू लागल्या, आणि मग बसल्या. पडल्या नाहीत. तांदूळ निवडायला बसावं तशा मांडी घालून बसल्या. घाबरलेलं माणूस इकडं तिकडं बघतं. त्या खाली मातीकडं बघत होत्या. उठवायला दोन बायका गेल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "संपलं काय?"

एस्टी स्टँडवर मी त्यांना खाणावळीत नेलं. मालकानं विचारलं, बांगडा की सुरमई. मी म्हणालो, "घ्या, आता कसला नवस."

"वर्दी चढेपर्यंतचा होता," वहिनी म्हणाल्या. "वर्दी काय आता चढत नाही."

त्या चेष्टा करताहेत असं मला वाटलं. त्यांनी वरणभात खाल्ला, पोटभर. मी तेवढा भात गेल्या कित्येक महिन्यांत त्यांच्या ताटात पाहिला नव्हता.

घरी आल्यावर दोन दिवसांनी आईच म्हणाली, "चल गो, देवळात नारळ देऊया, नवस सोडवूया. पोरी, खा काहीतरी."

"आता कशाला?" एवढंच म्हणून वहिनी आत गेल्या.

आई माझ्याजवळ येऊन बसली. "तिनं मधे एकदा जरी म्हटलं असतं, तर मी तेव्हाच सोडवला असता रे. मला काय कळतं धावण्यातलं." मी म्हणालो, "झालं गेलं."

वहिनींनी काजूच्या कारखान्यात काम धरलं. मुलगी पालीच्याच शाळेत शिकली. वहिनी घरात मासळी रोज रांधायच्या, सगळ्यांना वाढायच्या, आणि स्वतः पिठी घेऊन बसायच्या. आई दरवेळी विचारायची, "काय गो तुझं माझ्याशी बिनसलं?" वहिनी म्हणायच्या, "काय नाय." आईचं शेवटचं दुखणं त्यांनीच काढलं, घास भरवला, अंग पुसलं. पण कामापुरतं सोडून बोलल्या नाहीत. मी त्याच घरात होतो. शाळेत मात्र मी शिकवणं बदललं. मुलांना भात आणि मासे खाऊन या म्हणू लागलो, धावायचे आणि वजनाचे दिवस वेगळे केले. एका बाईवर शिकलेलं मी पुढं शेकडो मुलांना शिकवलं, आणि कुठून शिकलो ते सांगितलं नाही.

यंदा गणपतीला वहिनींची नात आली होती. रत्नागिरीत जिम लावली आहे म्हणाली. माझ्यापुढं फोन धरून बसली. "आजोबा, कार्डिओ किती करू, वेट किती, प्रोटीन किती? तिथला ट्रेनर एक सांगतो, यूट्यूबवर भलतंच."

मी म्हणालो, "आधी जेवण नीट कर. भात, डाळ, अंडी, मासे, जे घरी शिजतं ते. एक दिवस धाव, एक दिवस वजन उचल, एक दिवस काही करू नको. पाय जड वाटले, झोप उडाली, वजन भराभर उतरलं, तर व्यायाम वाढवू नको, कमी कर."

"आजीला तुम्हीच ट्रेन केलेलं ना? तिला काय दिलेलं खायला?"

वहिनी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "त्यांना काय विचारतेस! माझ्या सासूला विचार वर जाऊन."

पोरगी हसली. दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी मागच्या पडवीत गेलो. वहिनी नारळ सोलत होत्या. उभ्यानंच सांगितलं, की मी आईला विचारलंच नव्हतं.

त्यांनी कोयता खाली ठेवला. मग म्हणाल्या, "भरतीचं सोडा. पोलिसात राहून मी कोणते दिवे लावले असते कोण जाणे." मग विचारलं, "आई विचारायच्या ना, तुझं काय बिनसलं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं?"

"नाही."

"मला वाटायचं नाटक करतात." त्या उठल्या आणि घागर नसताना विहिरीकडं गेल्या.

रात्रीच्या आरतीनंतर, भावकीतली सगळी माणसं प्रसादाला बसलेली असताना, वहिनींनी नातीला हाक मारली. "इकडं ये. तुला आज चुकीचं सांगितलं. माझ्या सासूनं मासळी दिली नाही असं मी म्हणते ना, ते खोटं. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. विचारायचं होतं या मास्तरांनी." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. माझा चुलतभाऊ म्हणाला, "जाऊ दे गो वैनी, सणाच्या दिवशी कशाला?"

"सणाच्या दिवशी सगळे आहेत म्हणून," त्या म्हणाल्या. "आणि मी घाबरून बसले म्हणता ना तुम्ही? विचारा त्यांना."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी सांगितलं की त्या घाबरल्या नव्हत्या, मी दोरीपाशी उभा होतो आणि मला दिसत होतं. मग विहिरीवर मी काय बोललो तेही सांगितलं. वहिनींनी उरलेला प्रसाद वाटायला घेतला, आणि माझ्यापाशी आल्या तेव्हा माझ्याही हातावर ठेवला.