हिलाल दाजींचा उजवा पाय

“दाजींना घरी न्यायचंय, गाडी घेऊन ये,” एवढंच अक्का फोनवर बोलली. मला वाटलं, डिस्चार्ज मिळाला. सुरतेजवळच्या सचिन गावातल्या मिलमधून अर्धी रजा टाकून मी शेजाऱ्याची गाडी मागून घेतली, मागच्या सीटवर धुतलेली चादर अंथरली, कापलेला पाय टेकवायला एक उशी घेतली. हॉस्पिटलच्या बाकावर अक्का, माझी थोरली बहीण, दाजींचा शर्ट मांडीवर घेऊन बसली होती. “झाले का कागद?” मी हसतच विचारलं. तिने शर्टाची घडी घालून ती माझ्या हातात दिली, तेव्हा कळलं, दाजी गेले होते. त्या उशीचं काय करायचं, ते मला दिवसभर सुचलं नाही.

हिलाल दाजी अमळनेरकडचे. आमची खानदेशातली माणसं सुरतेला लूम चालवायला येतात, तसेच तेही आले. पण तो खडखडाट त्यांना सोसला नाही. नवागामच्या रस्त्यावर त्यांनी पत्र्याचं गॅरेज टाकलं आणि तिथे त्यांचं नाव झालं ते गाडीच्या एका दुखण्यामुळे. ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी उचल घेत नाही, क्षणभर अडकते, मग एकदम हिसका देते. “हिलालभाई, गाडी उपडती नथी,” म्हणत गिऱ्हाइकं यायची. दाजी आधी एअर फिल्टर बघत, मग हवेचा रबरी पाइप वाकवून कुठे चीर गेलीय का ते चाचपत. इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटलची झडप उघडून तिच्या कडेला धरलेला काळा थर स्प्रे मारून मऊ फडक्याने पुसत. शेवटी स्कॅनर जोडून पेडल सावकाश दाबायचं आणि पडद्यावरची रेघ पायाबरोबर सरळ चढते का ते बघायचं. रेघ मध्येच तुटली तर पेडलचा सेन्सर गेला. माणूस तसा तापट, आणि स्वतःवर भारी खूश. काम झालं की गिऱ्हाइकाला शेजारी बसवून दिंडोलीच्या पुलावर गाडी चढवत, आणि रस्त्याकडे कमी, त्याच्या चेहऱ्याकडे जास्त बघत.

मागच्या वर्षी एक पांढरी टॅक्सी आली. नेहमीचीच तक्रार. दाजींनी झडप साफ केली, पण रेघ डगमगतच राहिली. पेडलचा सेन्सर नवा टाकला, तरी तेच. वायरी सोडवून एकेक तपासल्या. सुट्टी असल्यामुळे मी तिथेच होतो; दुपारपर्यंत त्यांची चिडचिड इतकी वाढली की पाना भिरकावून दिला. तेवढ्यात अक्का डबा घेऊन आली आणि गाडीच्या उघड्या दाराशी उभी राहिली. दाजी सीटवर बसून मला सांगत होते, “बघ, पुरता दाबतोय, तरी चढत नाही.” अक्का खाली बघत होती. ती हळूच अहिराणीत म्हणाली, “अहो, तुमना पाय पेडलवर नही शे.” चप्पल कधीच निसटून पडली होती आणि पाय बाजूला घसरून चटईवर टेकला होता. त्यांना पत्ताच नव्हता. अक्काने वाकून हाताने पेडल दाबलं. इंजिन लगेच चढलं, पडद्यावरची रेघ सरळ वर गेली. टॅक्सी केव्हाच दुरुस्त झाली होती... दाजींनी दोन्ही हातांनी तो पाय उचलून पेडलवर ठेवला. मग म्हणाले, “हाऊ पाय आते मना नही ऱ्हायना,” हा पाय आता माझा राहिला नाही.

साखर त्यांना कित्येक वर्षं होती. मुंग्या येतात, बधिर वाटतं, हे त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. त्यानंतर पेडल दाबायला अक्का बसू लागली. आयुष्यात कधी गाडी न चालवलेली ती बाई दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून बसायची आणि बॉनेटमागून दाजी ओरडायचे, “हळू... हळू... आता सोड.” ते दिवस बरे होते, असं आता म्हणावंसं वाटतं. मग तापलेल्या सायलेन्सरला पाय लागून भाजला आणि तेही त्यांना समजलं नाही. मोज्याला वास येऊ लागला तेव्हा अंगठा काळा पडला होता. डॉक्टर कापायला सांगत होते आणि दाजी नाही म्हणत होते. अखेर हो म्हणाले तेव्हा गुडघ्याखालून सगळा पाय गेला, पण विष रक्तात पसरलंच होतं. शेवटच्या दिवसांत ते कळवळायचे, पाय दुखतोय म्हणायचे. जो असताना दुखला नाही, तो कापून टाकल्यावर दुखत होता. अक्का रिकाम्या चादरीवरून हात फिरवत राहायची. लोक म्हणतात, सुटले बिचारे. मला तसं समाधान करून घेता येत नाही. त्या पायाने एकदा तरी वेळेवर ओरडायला हवं होतं.

गॅरेजच्या जागेत आता साड्यांना टिकल्या लावायचं काम चालतं. दाजींचा मोबाइल मात्र अक्काने बंद करू दिला नाही. परवा मी तिच्याकडे बसलो असताना तो वाजला. हजिऱ्याहून कुणी बोलत होता. दाजी गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. गाडी उचल घेत नाही म्हणाला. फोनवर दाजी सगळ्यांत आधी जे विचारत, तेच अक्काने विचारलं, त्यांच्याच हिंदीत, “थंडी में अटकती है, के गरम होने के बाद?” तो सांगू लागला. अक्का लक्ष देऊन ऐकत होती, मान हलवत होती. मग त्याचं सांगून संपलं... “हॅलो? हिलालभाई है क्या?” असं पलीकडून येत राहिलं. अक्काने फोन दुसऱ्या कानाला लावला. पुढे काय विचारायचं असतं, ते तिला ठाऊक नव्हतं.