रक्ताचा थेंब न सांडता

आमच्या ओट्यावर रोज दोन पेपर यायचे. मराठी पेपर आमचा, उर्दू पेपर चाचांचा. चाचा म्हणजे माझ्या वडिलांचे, आबांचे दोस्त. सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते आणि मी सांगते त्या २००३ सालात नुकतेच रिटायर झाले होते. आबा त्यांच्याही आधी हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. कळमनुरीत दोघांच्या घरांच्या मधे दोन गल्ल्या आणि एक पिठाची गिरणी. दूधवाल्याच्या आधी चाचा हजर असायचे, बगलेत पेपर आणि खिशात त्यांच्या बिस्किटांचा पुडा. आमच्या घरची बिस्किटं त्यांना मऊ लागायची.

या दोघांचा एक खेळ होता, तसा मी दुसरीकडे कुठं पाहिला नाही. पेपरांची अदलाबदल व्हायची. चाचा मराठी पेपर मोठ्यानं वाचायचे, सफाईनं, कारण त्यांची शाळा मराठीच होती. आबा उर्दू वाचायचे, अडखळत, कारण निजामाच्या काळात त्यांच्या वाट्याला उर्दूच्या दोन-चार यत्ताच आल्या होत्या. आणि नियम असा की ज्याच्या हातात जो पेपर, त्यानं त्या पेपराची बाजू लढवायची. स्वतःचं मत घरी ठेवून यायचं.

"आपलं मत तर आपल्याला पाठच असतंय," चाचा म्हणायचे. "दुसऱ्याचं बोलून पाह्यलं की कळतं, त्याच्यात किती दम हाय."

मला लहानपणी हा शुद्ध आगाऊपणा वाटायचा. पुढं मी स्वतः बाळापूरच्या शाळेत मास्तरीण झाले, भांडणाऱ्या पोरांना समोर बसवून एकमेकांची बाजू मांडायला लावू लागले, तेव्हा कळलं की ही विद्या मी ओट्यावरूनच उचलली आहे.

२००३ च्या उन्हाळ्यात इराकवर अमेरिकेचा हल्ला झाला आणि ओट्याला ऊत आला. उर्दू पेपर नांदेडहून एक दिवस उशिरा यायचा. त्यामुळे चाचांच्या हातातल्या मराठी पेपरात एखादं शहर पडलेलं असायचं आणि आबांच्या हातातल्या उर्दूत ते अजून लढत असायचं. माय आतून ओरडायची, "तिकडं बॉम्ब पडून राहिले अन् इकडं चहा थंड होऊन राहिला! आधी प्या, मग राज्यं बुडवा."

मराठी पेपरात एक लेखक होता, तो रोज लिहायचा की तिथला हुकूमशहा गेलाच पाहिजे, कुणी का घालवेना. नियमाप्रमाणे त्याची वकिली चाचांना करावी लागे, आणि ते अशी करत की रस्त्यानं जाणारे थबकत. "शेजारच्या घरात रोज मारहाण चालू हाय. बाई वरडून राहिली. तू दाराला कडी लावून झोपशील व्हय मास्तर? घुसावंच लागतं!"

आबांच्या हातात उर्दू पेपर. "घुसणारा कोन हाय ते बघ की भाई. मारनाऱ्याच्या हातात काठी ह्यानंच दिली. वरीसभर न्हाई, वर्षानुवर्षं पाठीवर हात ठिवला. तवा त्याला बाईचं वरडनं ऐकू आलं न्हाई. अन् शेजारीपाजारी त्याच्यासारखेच जुलमी राजे बसलेत, ते ह्याच्याच पंगतीला. त्यांच्या ताटात तूप वाढायचं अन् ह्या एकाचंच ताट लाथाडायचं, हा कोनता न्याय?"

"सौ चूहे खाके बिल्ली चली हज को!" चाचा नियम विसरून खूश व्हायचे आणि प्रतिपक्षालाच बिस्किट द्यायचे.

खरी मतं दोघांची नेमकी उलटी होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. चाचांना ही लढाई मनापासून नको होती. ते म्हणायचे, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. आज याचं राज्य उलथवलं, उद्या कुणाचंही उलथवतील, आणि प्रत्येक वेळी सांगतील की तुमच्याच भल्यासाठी. आबांना मात्र आतून वाटायचं की जुलमी गेला ना, मग झालं. यामागं त्यांचं कारण होतं आणि ते पुस्तकातलं नव्हतं. आमच्या मूळ गावी आमच्या वस्तीला विहिरीवर पाणी भरू देत नसत. कुणी तक्रार केली की गाव म्हणायचं, हा आमचा आतला मामला आहे, बाहेरच्यानं पडायचं काम नाही. शेवटी बाहेरून, तालुक्याहून, फौजदार येऊन उभा राहिला तेव्हा आजीनं तिथं पहिली घागर बुडवली. "आतला मामला म्हटलं की मला ती विहीरच दिसते," असं आबा एकदा मला म्हणाले होते. चाचांनाही ही गोष्ट माहीत होती, आणि त्या विहिरीबद्दल ते कधी वाकडा शब्द बोलले नाहीत.

मग तो एप्रिलमधला दिवस आला. बगदादमध्ये आदल्या दिवशी त्या हुकूमशहाचा पुतळा पाडला, तेच टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवत होते. माणसं त्याला चपलांनी मारत होती. शाळा सकाळची असल्यानं मी दुपारी घरी होते, चाचाही खास बातम्या बघायला आले होते. कुणाच्याच हातात पेपर नव्हता. आबा पुढं सरकून बसले आणि त्यांच्या तोंडून त्यांचं स्वतःचं मत बाहेर पडलं.

"बघ भाई! फौजेबिगर झालं असतं हे? आपल्याकडं तरी कसं झालं? निजाम काय समजावून सांगितल्यानं गेला? फौज आली, चार-पाच दिवसात रक्ताचा थेंब न सांडता आपन सुटलो."

इथं जरा सांगायला हवं. सत्तेचाळीसला देश सुटला तरी आमचा मराठवाडा निजामाच्याच राज्यात होता. त्याच्या हत्यारबंद रझाकारांचा उच्छाद चालू होता. पुढच्या वर्षी भारताची फौज आत आली आणि सतरा सप्टेंबरला निजाम शरण आला. त्या दिवशी आमच्याकडे दरवर्षी झेंडावंदन होतं, आणि आबा त्यांच्या जुन्या शाळेत दरवर्षी भाषण करत. 'रक्ताचा थेंब न सांडता' हे त्या भाषणातलं वाक्य. इतकी वर्षं म्हटलेलं की ते जिभेवर पाण्यासारखं वाहायचं. त्या दुपारीही ते तसंच वाहून गेलं.

चाचांनी कप खाली ठेवला. अर्धा चहा तसाच होता. "चलतो मास्तर," एवढंच म्हणाले आणि चपला घालून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. आबा म्हणाले, ऊन लागलं असेल. पुढं म्हणाले, पेपर आला नसेल. आबा एकटेच मराठी पेपर उघडून बसत आणि पहिल्याच पानावर तासभर राहत. मला दोघांचाही राग यायचा. म्हाताऱ्या माणसांनी बगदादवरून अबोला धरावा म्हणजे काय! शेवटी मी तणतणत चाचांच्या घरी गेले. चाचा नमाजाला गेले होते. चाचींनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि माझं तोंड चालू व्हायच्या आधीच सांगितलं.

"बेटी, इराकचं काय न्हाई. ह्यांचे अब्बा निजाम गेला तवाच गेले. फौज आली त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. लोक सांगू लागले की आता मुसलमानाची खैर न्हाई, घरात ऱ्हावा. पर ह्यांचे अब्बा बाजूच्या गावाला गेले, जनावर बघायला. कुनाची तरी गाय अडली होती. जनावरांचंच काम करायचे ना. गेले ते आलेच न्हाई. मयत बी न्हाई भेटली. हे पाच-सहा वर्साचे होते."

सासूनं कधी इद्दत, म्हणजे विधवेचा शोककाळ, पाळली नाही, असंही चाचींनी सांगितलं. हातातल्या बांगड्या काढल्या नाहीत. नवऱ्याच्या नावानं फातेहा पढू दिली नाही, कारण फातेहा मेलेल्या माणसाची पढतात आणि तिचा माणूस तर गाय सोडवायला गेला होता. ती गेली तेव्हाही बांगड्या हातातच होत्या. आणि आईनं पढली नाही म्हणून मुलानंही आजवर पढली नव्हती.

मी घरी येऊन आबांना सांगितलं. आबांनी हातातल्या पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "रोज बसलो आमी. रशियाचं विचारलं, अमेरिकेचं विचारलं. ह्याला कधी विचारलं न्हाई." आणि हेडमास्तर माझा बाप, ज्याच्या छडीला सगळं कळमनुरी भ्यायचं, तो पोरासारखा रडला. मायनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मी उगाचच भांडी घासायला गेले.

आबा संध्याकाळीच माफी मागायला गेले. पण चाचांनी मागूच दिली नाही. सरबत दिलं, पंख्याखाली बसवलं, पावसाचा अंदाज विचारला. आबांनी विषयाला हात घालायचा की चाचा म्हणायचे, "छोड यार, आता सरबत घे." अदबीनं माणसाला दाराबाहेर कसं ठेवावं हे त्या पिढीकडून शिकावं. आबा परत आले आणि म्हणाले, "आत घेतलं, पर घेतलं न्हाई."

उन्हाळा गेला. पेरण्या झाल्या. तिकडे इराकात ज्या हत्यारांसाठी म्हणून लढाई केली ती सापडत नव्हती, दवाखाने लुटले जात होते, सुटका झालेली माणसं रोज मरत होती. चाचांचं म्हणणं अक्षर न् अक्षर खरं होत होतं आणि ते ऐकवायला चाचा ओट्यावर नव्हते. वादात जिंकलेला माणूस इतका गप्प मी पाहिला नव्हता. आबा रोज कुढत होते, आणि मला भीती वाटायला लागली होती की या दोघांपैकी एक जण असाच निघून जाईल आणि दुसऱ्याला जन्मभराची बोच राहील.

पोळा झाल्यावर एक दिवस आबा पुन्हा चाचांकडे गेले. मी सोबत होते. यावेळी त्यांनी माफीचा शब्दच काढला नाही. बसल्या बसल्या विचारलं, "भाई, तुझे अब्बा कसे होते रे?"

 मला वाटलं, आता सरबत येणार. पण चाचा हळूच म्हणाले, "चेहरा न्हाई याद. पर हातांना वास यायचा. कडू तेलाचा. जनावराला लावायचे ना." आणि मग ते बोलत राहिले, संध्याकाळ होईपर्यंत. मधेच म्हणाले, "निजाम गेला त्याचं मला काय वाटत न्हाई. राजा होता, गेला. रझाकारांनी काय काय केलं ते मला बी ठावं हाय. ते जायालाच पायजे होते. पर मास्तर, राजा गेला म्हनून खूश व्हायचं अन् बाप गेला म्हनून रडायचं, हे दोन्ही एका मानसाला करता येतं की न्हाई? लोक म्हनतात, एकच कर."

आबांनी आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली, आणि मला तेच बरं वाटलं.

सतरा सप्टेंबरला आबा धुतलेलं धोतर नेसून शाळेत गेले. मीही रजा टाकून गेले. आणि फाटकाशी बघते तर चाचा. इतक्या वर्षांत ते या झेंडावंदनाला कधी आले नव्हते, दरवेळी गुडघ्याचं कारण सांगायचे. ते मागं, मुलांच्या रांगांच्या शेवटी, लिंबाखाली उभे राहिले.

झेंडा वर गेला. आबा बोलायला उभे राहिले. लढ्याबद्दल बोलले, आपण सुटलो म्हणाले, आणि विहिरीवरच्या घागरीचंही सांगितलं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि शाळेच्या बाईंना वाटलं भाषण संपलं.

"पोरांनो, मी दरवर्षी तुमाला एक गोष्ट चूक सांगितली," ते म्हणाले. "रक्त सांडलं होतं. आपन सुटलो त्याच दिवसांत कैक मानसं मारली गेली, त्यांनी कुनाचं काही वाकडं केलं नव्हतं. त्यातल्या एकाचं सांगतो. तो जनावरांचा इलाज करायचा. फौज आल्यावर, भीतीच्या दिवसांत, तो बाजूच्या गावी म्हैस अडली म्हनून गेला—"

"गाय!" लिंबाखालून चाचा ओरडले. "म्हैस न्हाई, मास्तर. गाय व्हती!"

पोरं खदखदून हसली. आबांनी हात जोडले. "गाय. ती गाय सोडवायला गेला अन् परत आला न्हाई. त्यालाबी आज आपन नमस्कार करू." पोरांनी आधी झेंड्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, आणि कुणाकडे बघून करायचा ते न कळल्यानं सगळ्यांनी मागं वळून लिंबाखालच्या म्हाताऱ्याला नमस्कार केला.

परतताना दोघं पुढं चालत होते, मी मागं. बाजाराच्या वळणावर चाचा थांबले. उजवीकडे घर होतं, डावीकडे मशिदीचा रस्ता.

"मास्तर," ते म्हणाले, "इतकी सालं अब्बा फक्त आले नव्हते. आज गेले."

आबांनी त्यांचा हात धरला.

"चल," चाचा म्हणाले, "फातेहा पढतो. तू बाहेर थांबशील ना?"

"थांबतो की," आबा म्हणाले. आणि ते दोघं डावीकडे वळले.