अल्बममधले ड्रम

आमच्या बँडचा ड्रमर चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहे. बोलतो कमी, चहा येईपर्यंत टेबलावर बोटांनी ताल धरतो. अल्बमच्या मिक्सिंगवाल्यानं त्याचे ड्रम काढून कॉम्प्युटरचे घातले आणि स्टुडिओत आम्हा सगळ्यांना दोन्ही ऐकवले. आम्ही खाली बघत बसलो. ड्रमरनं डोळे मिटून ऐकलं.

"हेच टाका. लई भारी हाय की."

"तुला चालेल?" मी विचारलं.

"गाणं चांगलं व्हायला पायजे."

अल्बम आला. लोक ड्रमचंच कौतुक करू लागले. तो नुसती मान हलवायचा. सोलापुरातल्या पहिल्या कार्यक्रमाची मला धास्ती होती, तिथं ड्रम त्यालाच वाजवायचे होते. त्यानं कॉम्प्युटरचा ठोका न् ठोका हुबेहूब वाजवला, त्याचा स्वतःचा एकही नाही. टाळ्या थांबेनात. मला मात्र त्याच्याकडे बघवेना.