‘फोन कोणी केला?’चा रकाना

भूतबित मी मानत नाही. माणसंच इतकं खोटं बोलतात की भुतांवर संशय घ्यायला वेळच उरत नाही! माझं कामच तसलं... हॉस्पिटलबाहेर ज्यांचं हृदय अचानक बंद पडलं, त्यांच्या घरी जाऊन एका वैद्यकीय पाहणीसाठी फॉर्म भरायचा. किती वाजता कोसळले, फोन कोणी केला, छाती कोणी दाबली. घरातच गेले म्हटलं तर पोलीस, पोस्टमॉर्टेम मागे लागेल, या भीतीने जो तो सांगतो, "गाडीत श्वास चालू होता." म्हणून मी प्रत्येक उत्तर दोनदा तपासते.

भाईंदर पूर्व, इंद्रलोक, तिसरा मजला. काका सकाळी चहा पिता पिता कोसळले, घरात एकट्या काकू. मी गेले त्या दिवशी मुलगा दारातच म्हणाला, "लिहा मॅडम, आईने फोन करायला उशीर केला. म्हणून बाबा गेले." काकू मान खाली घालून बसलेल्या. असा राग आला मला त्याचा!

तो आत गेल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "उशीर कसला गं... मी फोन केलाच नाही. यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. समोर घड्याळात नऊ वीस झालेले, एवढंच आठवतंय. याला सांगू नकोस हं."

मग गाडी बोलावली कोणी? शेजारच्या दोन्ही घरांना कुलूप. वॉचमन म्हणाला, "हमको तो गाडी आने पे पता चला." मी रुग्णवाहिकेची नोंद काढली. नऊ बावीसचा कॉल, काकांच्याच मोबाईलवरून. पुरुषाचा आवाज. शेरा — ‘पत्नी घाबरली आहे, दार उघडं ठेवतो.’ आणि गाडीवाल्यांना दार खरंच उघडं मिळालं होतं. काकू म्हणतात, कडी मी काढली नाही.

मला वाटलं, मुलगाच काहीतरी लपवतोय. पण तो तेव्हा ऑफिसात होता, हजेरी बघितली मी. आणि काकांचा मोबाईल? दोन दिवस आधीपासून जेसल पार्कच्या दुकानात रिपेअरला, सिमसकट. दुकानदाराला उलटसुलट विचारलं तर वैतागलाच. "मॅडम, बॅटरी निकाल के रखी थी. कॉल कैसे जायेगा?"

ऑफिसमधून तगादा — रकाना रिकामा असेल तर फॉर्म बाद. पुन्हा इंद्रलोकला गेले. मुलाच्या समोर बसून लिहिलं... कोसळले नऊ वीस, कॉल नऊ बावीस. फोन कोणी केला — पत्नीने. फॉर्म त्याच्या हातात दिला. त्याने दोनदा वाचला. "दोनच मिनिटांत?" म्हणाला, आणि आईच्या पायाशी बसून ढसाढसा रडला. काकू त्याच्या डोक्यावर हात फिरवत माझ्याकडे बघत राहिल्या.

इतक्या वर्षांत मी केलेली ती एकच खोटी नोंद. खरं काय लिहायचं होतं, ते मला आजही माहीत नाही.