नॅब केलेला हॉल

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत तळमजल्यावर एक हॉल आहे. वर्षानुवर्षं तो बंदच असायचा, आत मोडक्या खुर्च्या आणि जुना मांडव. गेल्या वर्षी आम्ही चार बायकांनी तो झाडून काढला आणि संध्याकाळी तिथे कॅरम खेळायला लागलो. थोड्याच दिवसांत सेक्रेटरींनी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर इंग्रजीत लिहिलं की लेडीजनी हॉल 'नॅब' केलाय, रविवारच्या मीटिंगमध्ये कुलूप लावायचं ठरवू.

आमच्यातली एक म्हणाली, "सोड ना यार, कॅरम माझ्या घरी लावू."

मी म्हटलं, "तुझ्या घरी तुझी सासू झोपलेली असते. स्ट्रायकर मारायचा की फुंकर?"

मी तो शब्द डिक्शनरीत बघितला. पोलीस चोराला धरतात तेही नॅब, आणि चोर वस्तू उचलतो तेही नॅब. मूळ कुणालाच धड माहीत नाही. तीनेकशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या चोराचिलटांच्या बोलीतून वर आलेला दिसतो. किडनॅपमधला 'नॅप' बहुतेक याचाच भाऊ. असलं खानदान आणि आम्हाला चिकटवलं. मराठीत ही सोय नाही. पकडलं, पटकावलं, बळकावलं, ढापलं. कुठलाही शब्द घ्या, चोर कोण ते त्यातच कळतं.

मीटिंगमध्ये मी विचारलं, "अहो, नॅब म्हणजे काय म्हणायचंय? मराठीत सांगा."

सेक्रेटरी म्हणाले, "सहज लिहिलं हो वहिनी. म्हणजे... घेतला."

"कुणाकडून?"

"सोसायटीकडून."

"मग आम्ही कोण? भाड्याने आणलंय आम्हाला?"

मागे कुणीतरी हसलं. सेक्रेटरींनी चष्मा पुसायला घेतला.

"ढापला म्हणायचं असेल तर तसं लिहा," मी म्हटलं. "मराठीत लिहा, खाली सही करा, आणि मग खुशाल कुलूप लावा."

त्यांनी विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला आणि ते पाण्याच्या टाकीच्या विषयाकडे वळले.

कुलूप अजून लागलेलं नाही. तीच मैत्रीण आता म्हणते, एकदा लेखी परवानगी घेऊन टाकू, कटकट नको. मी साफ नाही म्हटलं. परवानगी मागितली की हॉल त्यांचा झाला.