भर उन्हातली रेघ

"हा लॅपटॉप फुटपाथवर नेता येईल का?" जळगावच्या त्या दुकानात शिरल्या शिरल्या तायडे मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो हा. मे महिना होता, दुपारचा एक वाजला होता. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

मॅडम जमिनीच्या खासगी मोजणीची कामं घेत. पन्नाशीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. शेतात काठीवरचं जीपीएस यंत्र घेऊन मी एकेका खुणेवर उभा राहायचो आणि त्या लॅपटॉपवर नकाशा काढायच्या. सहा वर्षं आम्ही असं काम केलं. त्यांनी माझी कधी चौकशी केली नाही, की कधी आवाज चढवला नाही.

आमचा जुना लॅपटॉप उन्हात आरशासारखा व्हायचा. मॅडम डोक्यावरून चादर ओढून आत काम करत. रावेरजवळ दोन भावांच्या केळीच्या मळ्याची वाटणी होती, तिथे हे अंगाशी आलं. नकाशा दाखवायला मॅडमनी आधी धाकट्याला चादरीत बोलावलं. थोरले नाना बांधावर बसून होते. त्यांची पाळी आली तेव्हा ते उठलेच नाहीत.

"चादरीत काय ठरवलं, ते तुमचं तुमाले माहीत. मी सही करत नई," ते म्हणाले आणि निघून गेले. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद झालं.

परतताना मॅडम एवढंच म्हणाल्या, "ज्याची जमीन आहे, त्याला रेघ दिसायला हवी. नाना चुकले नाहीत."

म्हणून ही खरेदी. दुकानदार म्हणाला, "मॅडम, आत एसीत बघा ना आरामात."

"आमची माणसं एसीत नसतात."

शेवटी दुकानाबाहेर स्टुलावर एकेक लॅपटॉप मांडला गेला. मॅडमनी पेन ड्राइव्हवर एक नकाशा आणला होता. पांढऱ्या पानावर एकच बारीक लाल रेघ. पहिल्या लॅपटॉपच्या चकचकीत पडद्यात आम्हाला आमचेच चेहरे दिसले. दुसऱ्यात पान दिसलं, रेघ दिसली नाही. दुकानदार पडद्याच्या उजेडाचे आकडे सांगू लागला. "आकडे राहू द्या, रेघ दाखवा," मॅडम म्हणाल्या. चौथ्याचा पडदा बिनचकाकीचा होता. उजेड पूर्ण वाढवल्यावर रेघ स्पष्ट उमटली. तेवढ्यावर न थांबता त्यांनी रस्त्याने जाणाऱ्या एका म्हातारबाबांना थांबवून विचारलं, "बाबा, यात काय दिसतं?"

"लाल दोरा दिसतो."

तो लॅपटॉप वजनाने जड आणि वेगाने कमी होता. मी वेगवान घ्या म्हणत होतो. "पूर्ण उजेडावर बॅटरी लवकर उतरेल," दुकानदारानेही बजावलं. मॅडमनी तोच घेतला.

आठवड्याने आम्ही पुन्हा रावेरला गेलो. लॅपटॉप ट्रॅक्टरच्या बोनेटवर ठेवला. दोघे भाऊ दोन बाजूंना उभे राहिले. मागच्या मोजणीचाच नकाशा होता. नानांनी डोळे बारीक करून बोट रेघेवरून फिरवलं, आणि ते थांबलं.

"ताई, बांध त निंबाच्या तिकून जातो. हे रेघ इकून काहून गेली? माही इहीर त्याच्याकडे गेली न!"

धाकट्यानेही वाकून पाहिलं. मान वळवून निंबाच्या झाडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाना खरं सांगता. इहीर त्याहीचीच हाये."

चूक माझी होती. मागच्या खेपेला मी यंत्राची काठी हद्दीच्या दगडाऐवजी भलत्याच दगडावर टेकवली होती.

"माझं चुकलं," मॅडम म्हणाल्या. "मोजणी पुन्हा करू. दोघंही सोबत चला."

तीन तास आम्ही तो बांध तुडवला. निंबापाशी पोचेपर्यंत दोघे भाऊ पाण्याच्या मोटारीच्या पाळ्यांबद्दल बोलू लागले होते. संध्याकाळी दोघांनी सह्या केल्या.

परतीच्या वाटेवर नशिराबादला चहाला थांबलो. मी धीर करून म्हणालो, "मॅडम, तो दगड मी चुकलो होतो."

"ठाऊक आहे. नकाशावर सही माझी असते."

त्यांनी चहा संपवला आणि गाडीत जाऊन बसल्या. पुन्हा तो विषय निघाला नाही. दोन वर्षांनी काम सोडून त्या धुळ्याला लेकीकडे राहायला गेल्या. जाताना फार काही बोलल्या नाहीत. आता नकाशावर सही माझी असते. ती करण्याआधी मी प्रत्येक दगडापाशी स्वतः जाऊन उभा राहतो.