हिरव्या जर्सीतली गोलकीपर

मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिला सगळे कडकमावशी म्हणत. चादरींना कडक इस्त्री करते म्हणून, की बोलणं कडक म्हणून, हे कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. वाफेच्या रुळांवर दिवसाला शेकडो चादरी चढवायच्या आणि पलीकडून निघतील तशा ओढायच्या. पलीकडच्या टोकाला घड्या घालायला जी मुलगी होती, ती तिच्याच बोलीची निघाली. परमुलखात आपलं बोलणारं माणूस मिळणं म्हणजे देवानेच पाठवलेलं, असं मावशी मानायची. दोघी कामगारांच्या चाळीत एकाच खोलीत राहत.

मावशीची लेक तेरा वर्षांची असताना मावशी देश सोडून इथे आली. नवरा आधीच वारला होता. लेक मामाकडे वाढली आणि फुटबॉल खेळायला लागली, तेही गोलात उभं राहून. मावशी फोनवर म्हणायची, "अगं, ढोपरं फोडून घ्यायला का जन्म घेतलाय? शिवण शीक, टायपिंग शीक." लेक ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर. पुढे मावशीने ते सांगणं सोडलं. सामना झाला की ती विचारायची, "काय झालं?" लेक म्हणायची, "जिंकलो" किंवा "हरलो." मग जेवलीस का, मामा कसा आहे, आणि फोन बंद. नऊ वर्षं असंच चाललं.

या वर्षी लेक देशाच्या संघात निवडली गेली. तिसऱ्याच देशात मोठी स्पर्धा होती. निघायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"आई, तू नेहमी निकाल विचारतेस. या वेळी बघ. पहिला सामना बघ. संध्याकाळी फोन करीन."

पोरीने आजवर आईकडे काही मागितलं नव्हतं. वही मागितली नाही, चप्पल मागितली नाही. मावशी त्या दिवशी चादरी ओढताना दोनदा चुकली.

बघायचं कसं, हा प्रश्न होता. आपल्याकडच्या सरकारी वाहिनीवर सामने फुकट दिसत होते, मोबाइलवरसुद्धा. पण मावशीने तिची साइट उघडली की एकच पाटी यायची : तुम्ही आहात त्या देशात हे दिसणार नाही.

"म्हणजे माझीच पोरगी मला दिसणार नाही?" मावशी म्हणाली.

"हक्क विकत घेतलेले असतात मावशी," घडीवाली म्हणाली. "ज्या देशापुरते घेतले, तिथेच दाखवायचं."

मग दादाने, म्हणजे लेकीच्या मामाने, तोडगा काढला. तो टीव्हीसमोर फोन धरणार आणि मावशीने व्हिडिओ कॉलवर बघायचं. दोन दिवस आधी दुसऱ्याच दोन देशांच्या सामन्यावर रंगीत तालीम झाली. दादाने फोन पिठाच्या डब्याला टेकवला. पाच मिनिटं मैदान दिसलं. मग फोन घसरून उताणा पडला आणि पुढचा बराचसा सामना मावशीने छताचा पंखा पाहिला. दादा बेंबीच्या देठापासून ओरडत होता, "दिसतंय ना गं? काय मारलाय!"

"दादा, पंखा दिसतोय."

"हां हां, आलोच." दादा आला, तो स्वतःच फोनपुढे उभा राहिला. उरलेली दहा मिनिटं त्याचं टक्कल.

धुलाईखान्याचा सुपरवायझर मनाने बरा होता. त्याने एक चोरटी साइट लिहून दिली. "सगळे यावरच बघतात," म्हणाला. घडीवालीने ती उघडली, तर सामन्याऐवजी जुगाराच्या जाहिराती. एक बंद करावी तर दोन उघडाव्यात, आणि तिसरीतल्या बाईच्या अंगावर कपडे इतके कमी की मावशीने फोनवर टॉवेलच टाकला.

"हे नको."

"अहो, त्याच्या मागे सामना असतो!"

"असू दे. जे देवाला सांगून बघता येणार नाही, ते लेकीचं मला बघायचं नाही."

"देव काय तुमचा मोबाइल तपासतोय?" घडीवाली कुरकुरली, पण शोधत राहिली. आणि सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, तिला सापडलं. ज्या देशात या स्पर्धेचे हक्क कुणीच घेतले नव्हते, तिथे स्पर्धा भरवणारेच आपल्या साइटवर सामने फुकट दाखवत होते. मावशी राहत होती त्या देशाला बायकांच्या फुटबॉलचं सोयरसुतक नव्हतं, म्हणून कुणी घेतले नव्हते. फक्त नाव नोंदवायचं होतं.

"कुणाला नको म्हणून मला मिळालं," मावशी म्हणाली आणि तिने मनातल्या मनात हात जोडले.

सामना दुपारी एकला. दोघींनी पाळी बदलून चारची घेतली. साडेबारालाच पलंगावर उशी उभी करून तिला फोन टेकवला. नाव नोंदवताना जन्मतारीख विचारली. मावशीने शाळेच्या दाखल्यावरची दिली. मग ईमेलवर आकडा आला, तो टाकेपर्यंत जुना झाला, पुन्हा मागवला. या भानगडीत सुरुवात हुकली. मैदान दिसलं तेव्हा खेळ चालू होता. चाळीचं वायफाय सगळ्या मजल्यांना मिळून एक, त्यामुळे चित्र असं की माणसं म्हणजे रंगाचे ठिपके. वर बोलणारा कोणत्या भाषेत बोलत होता, देव जाणे.

पण मावशीला काळजी नव्हती. लेकीने निघताना नव्या जर्सीचा फोटो पाठवला होता : हिरवी. मावशीचा उभा जन्म रंगावर गेला होता. निळ्या काठाची चादर बाळंतिणींच्या वॉर्डाची, हिरव्या काठाची शस्त्रक्रियेची, पिवळी मुलांची. काठ पाहिला की पुढचं वाचायचं कारण नाही. डावीकडच्या गोलात हिरवा ठिपका उभा होता.

"ती बघ!" मावशी म्हणाली.

आणि काय खेळत होती ती पोरगी! चेंडू येत राहिले आणि हिरवा ठिपका झेपावत राहिला. मावशीने तोंडावर पदर धरला. "अडव गं बाई, अडव," पुटपुटत होती. प्रत्येक चेंडूला देवाचं नाव. एकदा तर पोरगी वाऱ्यावर आडवी झाली आणि तिने चेंडू बाहेर घालवला. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि आपण हिला शिवण शीक म्हणत होतो.

पाऊण तास होत आला तेव्हा घडीवालीने कपाळाला आठ्या घातल्या.

"मावशी, आपल्या पोरी लाल ना?"

"लाल."

"मग लाल पोरी आपल्याच गोलावर का मारतायत?"

"काहीतरी डाव असेल. तू गप बस."

मध्यंतराला चित्र जवळ आलं आणि स्वच्छ झालं. हिरव्या जर्सीतली मुलगी पाणी पीत होती. उंच, भुऱ्या केसांची, कुणा दुसऱ्याच आईची लेक. तिच्यामागून पिवळ्या जर्सीत, मान खाली घालून, मावशीची लेक गेली. दोन्ही गोलकीपर हिरव्या झाल्या असत्या, म्हणून पंचांनी हिला दुसरी घालायला लावली होती. हे मावशीला नंतर कळलं. 

"पाऊण तास मी त्या बाईसाठी देवाला साकडं घातलं," ती म्हणाली. "म्हणूनच आपल्यांचा एक गोल झाला नाही."

घडीवाली हसून हसून पलंगावर आडवी झाली. मावशी हसली नाही. दुसऱ्या अर्ध्यात चित्र स्वच्छच राहिलं आणि तिने पिवळ्या रंगावरून नजर हलवली नाही. चेंडू कुठेही असो, चित्रात लेक असेल तेव्हा ती लेकीकडे बघायची. एक गोल झाला. पिवळी पोरगी डावीकडे पडली, पण उशिरा. उठली, जाळ्यातून चेंडू स्वतः काढून दिला आणि पुन्हा उभी राहिली. शेवटी लाल पोरींनी बरोबरी केली. एकास एक.

कामावर जाताना घडीवाली म्हणाली, "मावशी, तिला सांगू नका. सगळं पाहिलं म्हणा. पहिल्या अर्ध्यात काय झालं ते मी शोधून देते, घोकून ठेवा. एवढ्याशा खोट्याने काय होतंय? तिला बरं वाटेल."

 रुळांवर चादरी चढवताना मावशीच्या तेच डोक्यात घोळत राहिलं. पोरीने एकच गोष्ट मागितली, आणि तीही अर्धीच दिली.

सातच्या सुट्टीत फोन आला. मावशी कपड्यांच्या गाड्यांमागे जाऊन उभी राहिली.

"पाहिलंस?" लेकीने विचारलं.

"पाहिलं," मावशी म्हणाली. मग म्हणाली, "अर्धंच. पहिला अर्धा मी त्या हिरवीलाच तू समजत होते. तिच्यासाठी रडलेसुद्धा."

 मावशीला वाटलं, संपलं. पुन्हा "जिंकलो, हरलो"वर आलो. मग फोनमधून खुसखुस ऐकू आली, आणि मग लेक खो खो हसायला लागली. ती मागे कुणाला तरी सांगत होती, आणि तिकडची सगळी खोलीच हसत होती.

"चांगलीच आहे ती, आई," हसू आवरून लेक म्हणाली.

"चांगली आहे. पण गोल सोडून फार पुढे येते. तुमच्या पोरींनी लांबून उंच मारायला हवं होतं."

 "हे तुला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? पाऊण तास तिलाच तर बघत होते. आणि तुझा जो गोल झाला ना, तेव्हा तू आधी उजवीकडे पाऊल टाकलंस. मग परत वळलीस. तिथे उशीर झाला."

"हो," लेक हळूच म्हणाली. "सरांनीपण तेच सांगितलं."

"पडलीस ती डाव्या कोपरावर. सोललंय का?"

"थोडंसं."

"दाखव."

लेकीने कॅमेरा सुरू करून कोपर दाखवलं. मग तो चेंडू कसा आला, कुणी कुणाला मोकळं सोडलं, तीन दिवसांनी दुपारच्या सामन्यात काय करायचं, हे ती सांगत सुटली. मावशी मध्येच विचारत राहिली. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी बोलणं चालूच होतं. घडीवालीने एकटीनेच दोन्ही टोकं सांभाळली आणि दोन चादरी करपवल्या.

दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या गेल्या मावशी सुपरवायझरपुढे उभी राहिली. परवा दुपारची पाळी नको, म्हणाली. कारण विचारलं तर म्हणाली, "काम आहे."